विश्लेषण : अकरावीची पहिली यादी लागली, पण निर्णय कधी झाला? धर्मापुरीच्या विद्यार्थ्यांसाठी पसंतीक्रमाचे गणित

अकरावी प्रवेशाची पहिली गुणवत्ता यादी अखेर शनिवारी, २८ जून २०२५ रोजी जाहीर झाली. सुधारित वेळापत्रकानुसार ती १० जूनला लागणार होती. मग २६ जून ही तारीख आली, त्यानंतर ३० जून, आणि प्रत्यक्षात यादी दोन दिवस आधीच आली. पसंतीक्रम भरण्याची मुदत ५ जूनला संपली होती. म्हणजे अर्ज भरून झाल्यावर राज्यातील दहा लाखांहून अधिक विद्यार्थी २३ दिवस काहीही हातात नसताना थांबून होते. मुंबई-पुण्यातील घरांना ही प्रतीक्षा नवी नाही. बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या गावाला मात्र ती २०२५ मध्ये पहिल्यांदाच अनुभवावी लागली. यादी लांबली याची चर्चा भरपूर झाली. पण गावातील विद्यार्थ्यासाठी यादीपेक्षा महत्त्वाचा निर्णय आधीच, अर्ज भरतानाच होऊन गेलेला होता. तो कसा, आणि त्यानंतर काय करता येणार होते?

२०२५ मध्ये नेमके काय बदलले?

२०२४-२५ पर्यंत अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया मुंबई महानगर प्रदेश, पुणे व पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती महापालिका क्षेत्र एवढ्यापुरती होती. उर्वरित महाराष्ट्रात महाविद्यालयेच आपापल्या पातळीवर अर्ज घेत, यादी लावत आणि प्रवेश देत. धर्मापुरीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. दहावीचा निकाल लागला की गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन परळी, अंबाजोगाई किंवा लातूर गाठायचे, महाविद्यालयाच्या खिडकीवर विचारायचे आणि जमले तर त्याच दिवशी शुल्क भरून परत यायचे.

२०२५-२६ या वर्षापासून ही प्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली. ९ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालये आणि २० लाखांहून अधिक जागा एकाच संकेतस्थळावर आल्या. १०० रुपये शुल्क, किमान १ आणि कमाल १० महाविद्यालयांचा पसंतीक्रम, चार नियमित फेऱ्या आणि त्यानंतर ‘सर्वांसाठी खुली’ फेरी असा त्या वर्षीचा आराखडा होता. नियमित फेरीआधी व्यवस्थापन, संस्थांतर्गत आणि अल्पसंख्याक कोट्यासाठी ‘शून्य फेरी’ ठेवण्यात आली.

हेतू चुकीचा नव्हता. खिडकीवरच्या प्रवेशात ओळख, चिठ्ठी आणि देणगी यांना वाव राहतो. कोणाला किती गुणांवर प्रवेश मिळाला हे बाहेर कळत नाही. एकाच विद्यार्थ्याने चार ठिकाणी जागा अडवून ठेवण्याचे प्रकारही होतात. केंद्रीभूत यादीत या तिन्ही गोष्टींना आळा बसतो.

यादी का लांबली?

दहावीचा निकाल २०२५ मध्ये लवकर, १३ मेला लागला. राज्यात १४ लाख ५५ हजार ४३३ नियमित विद्यार्थी उत्तीर्ण झाले, निकाल ९४.१० टक्के. नोंदणी २१ मेला सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले आणि प्रक्रिया २६ मेपासून पुन्हा सुरू करावी लागली. पसंतीक्रम भरण्याची मुदत ३ जूनवरून ५ जूनपर्यंत वाढवण्यात आली.

त्यातच अल्पसंख्याक संस्थांच्या जागांचा प्रश्न न्यायालयात गेला. या संस्थांमधील जागांना सामाजिक आरक्षण लागू करण्याच्या शासन निर्णयातील तरतुदीला मुंबई उच्च न्यायालयाने १२ जूनला अंतरिम स्थगिती दिली. असा आदेश आला की कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या प्रवर्गाच्या, किती जागा हा तक्ताच बदलतो. आणि हा तक्ता पक्का झाल्याशिवाय यादी लावता येत नाही.

येथे एक तांत्रिक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. यादी ‘तयार करण्याचे’ काम संगणकासाठी अवघड नाही. गुणांच्या क्रमाने एकेक विद्यार्थी घ्यायचा, त्याने दिलेल्या पसंतीक्रमात वरून खाली जायचे, जिथे त्याला लागू असलेली जागा शिल्लक असेल तिथे ती द्यायची आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळायचे. वेळ लागतो तो त्याआधीच्या कामांना : गुण आणि प्रवर्गाची पडताळणी, हरकती, कोट्यातील जागा, समर्पित जागा, न्यायालयाचे आदेश. या पद्धतीत एका विभागातील वादामुळे सगळ्या राज्याची यादी थांबते. जुन्या पद्धतीत मुंबईतील वादाची झळ धर्मापुरीला बसली नसती. २०२५ मध्ये ती बसली.

पहिल्या यादीत कोणाला काय मिळाले?

सुमारे १० लाख ६६ हजार विद्यार्थ्यांपैकी ६ लाख ३२ हजार १९४ जणांना पहिल्या फेरीत महाविद्यालय मिळाले. त्यातील ४ लाख ५७ हजार ८४१ जणांना पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले. जागा मिळालेल्यांपैकी हे प्रमाण ७२ टक्क्यांहून अधिक आहे. उरलेल्या सुमारे चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नावापुढे काहीच आले नाही.

एकूण जागा अर्जदारांच्या जवळपास दुप्पट असताना असे का व्हावे? कारण टंचाई जागांची नाही. ठरावीक महाविद्यालयांतील, विशेषतः विज्ञान शाखेतील जागांची आहे. मराठवाड्यात हे चित्र ‘लातूर पॅटर्न’मुळे अधिक ठळक आहे. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद विज्ञान महाविद्यालय आणि त्यांच्याभोवती उभी राहिलेली शिकवण्यांची वसाहत यांमुळे बीड, नांदेड, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतील विद्यार्थी लातूरकडे वळतात. स्पर्धाही तशीच तीव्र आहे. २०२५ मध्ये दहावीत राज्यात २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले, त्यातील ११३ एकट्या लातूर विभागातील होते.

पहिली पसंती मिळणे ही अडचण कशी ठरू शकते?

या प्रक्रियेतील सर्वांत कडक नियम हाच आहे. पहिल्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले, तर तिथे प्रवेश घेणे बंधनकारक आहे. तो न घेतल्यास विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. सगळ्या नियमित फेऱ्या संपल्यावरच त्याचा पुन्हा विचार होतो. दुसऱ्या ते दहाव्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले, तर प्रवेश घ्यायचा की पुढच्या फेरीची वाट पाहायची हे विद्यार्थी ठरवू शकतो.

अमेरिकेतील विद्यापीठांत ‘अर्ली डिसिजन’ नावाची पद्धत आहे. विद्यार्थी साधारण १ नोव्हेंबरपर्यंत एकाच विद्यापीठाकडे अर्ज करतो, डिसेंबरच्या मध्यावर निर्णय कळतो आणि होकार आला तर तिथेच जाण्याचे बंधन असते. तिथल्या पालकांना हे बंधन सहीनिशी मान्य करावे लागते. खर्च परवडणार नसेल तर या वाटेने जाऊ नका, असा सल्ला समुपदेशक उघडपणे देतात. अकरावीचा ‘पहिला पसंतीक्रम’ परिणामाच्या दृष्टीने तसाच आहे. फरक एवढाच की इथे तो निर्णय पंधरा-सोळा वर्षांचा विद्यार्थी, अनेकदा सेवा केंद्रावरच्या रांगेत उभा राहून, पाच मिनिटांत घेतो.

धर्मापुरीच्या घरात याचे रूप कसे दिसते? मुलीला चांगले गुण आहेत. वर्गातील सगळ्यांनी लिहिले म्हणून पहिल्या क्रमांकावर लातूरचे महाविद्यालय लिहिले गेले; ‘लागले तर बघू’ या हिशेबाने. ते लागले. आता खोलीचे भाडे, खानावळ आणि शिकवणीचे शुल्क यांचा हिशेब घरात पहिल्यांदा होतो. जमत नाही असे ठरले, तर अंबाजोगाईचे योगेश्वरी महाविद्यालय किंवा परळीचे वैद्यनाथ महाविद्यालय दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर लिहिलेले असूनही तिला नियमित फेरीत तिथे जाता येत नाही. आधीच्या पद्धतीत ती दुसऱ्या दिवशी एसटीने जाऊन तिथे प्रवेश घेऊ शकली असती. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, इतर विद्यार्थ्यांना पासात मोठी सवलत आहे. रोज ये-जा करता येईल असे महाविद्यालय आणि राहून शिकावे लागेल असे महाविद्यालय यांतील फरक अनेक घरांत शिक्षण चालू राहणे आणि थांबणे यांतील फरक असतो. पसंतीक्रमाच्या रकान्यात मात्र हे दोन्ही पर्याय सारखेच दिसतात.

मग ‘सुरक्षित’ महाविद्यालय पहिले लिहावे का?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. अनेकांना वाटते की पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने त्या महाविद्यालयात आपला दावा बळकट होतो. या पद्धतीत तसे होत नाही. जागा गुणांच्या क्रमाने दिली जाते. पसंतीचा क्रमांक फक्त विद्यार्थ्याच्या स्वतःच्या यादीत काय आधी तपासायचे हे सांगतो. एखादे महाविद्यालय चौथ्या क्रमांकावर लिहिलेल्या ९० टक्क्यांच्या विद्यार्थ्याला ते पहिल्या क्रमांकावर लिहिलेल्या ८८ टक्क्यांच्या विद्यार्थ्याआधी जागा मिळते.

जागावाटपाच्या या प्रकारांवर अर्थशास्त्रात सखोल अभ्यास झाला आहे. डेव्हिड गेल आणि लॉईड शेप्ली यांनी १९६२ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशावरच याचे पायाभूत गणित मांडले. शेप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये या क्षेत्रातील कामासाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गुणक्रमाने चालणाऱ्या वाटपाबाबत त्याचा साधा निष्कर्ष असा, की मनातला खरा क्रम जसाच्या तसा लिहिणे हेच फायद्याचे. चलाखी केल्याने काही मिळत नाही, गमावण्याची शक्यता मात्र असते.

मात्र ‘खरा क्रम’ म्हणजे स्वप्नातला क्रम नव्हे. पैसे, अंतर, राहण्याची सोय हे सगळे धरून जिथे प्रत्यक्षात जाणार तो क्रम. जिथे जाणे शक्यच नाही ते महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिणे या पद्धतीत सर्वांत महागात पडते.

शहरातील आणि गावातील विद्यार्थ्यात फरक कुठे पडतो?

माहितीत. पुण्यातील विद्यार्थ्याकडे मागील अनेक वर्षांचे, फेरीनिहाय आणि प्रवर्गनिहाय कट ऑफ असतात. ८६ टक्क्यांना कोणते महाविद्यालय पहिल्या फेरीत मिळते आणि कोणते तिसऱ्या फेरीपर्यंत खाली येते, याचा अंदाज तिथल्या शाळेतील शिक्षकांनाही असतो. परळी, अंबाजोगाई किंवा लातूरच्या महाविद्यालयांसाठी अशी केंद्रीय आकडेवारी नव्हतीच, कारण प्रवेश महाविद्यालयाच्या खिडकीवर होत होते. धर्मापुरीच्या विद्यार्थ्याने दहा रकाने भरले ते शेजाऱ्याच्या अनुभवावर, शिक्षकांच्या अंदाजावर किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्याच्या सल्ल्यावर.

दुसरा फरक प्रतीक्षेच्या किमतीचा. लातूरमधील खासगी शिकवण्यांच्या तुकड्या सरकारी यादीसाठी थांबत नाहीत. वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करायची असेल तर जूनमध्येच पैसे भरा, खोली धरा, असा धोशा असतो. ज्यांना परवडते ते महाविद्यालय ठरण्याआधीच पैसे भरून मोकळे होतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी २३ दिवसांचा विलंब म्हणजे शिकवणीतील मागे पडलेले तीन आठवडे. शहरातील विद्यार्थ्याची शिकवणी घराजवळ असते. महाविद्यालय कोणतेही मिळाले तरी ती बदलत नाही. गावातील विद्यार्थ्याचे शहर, खोली आणि शिकवणी हे सगळेच महाविद्यालयावर अवलंबून असते. त्यामुळे तीच तारीख पुढे गेली तरी नुकसान सारखे होत नाही.

तिसरा फरक प्रशासकीय. धर्मापुरी बीड जिल्ह्यात, म्हणजे राज्य मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर विभागात येते. विद्यार्थ्यांचा ओढा मात्र लातूरकडे, म्हणजे दुसऱ्या विभागाकडे. खिडकीवर विचारता येत होते तेव्हा ही सीमा जाणवत नव्हती. आता तक्रार कुठे करायची, मार्गदर्शन कोणाकडे मागायचे, हा प्रश्न सीमेवरच्या गावांना आधी पडतो.

७ जुलै २०२५ पर्यंत काय करायचे होते?

पहिल्या फेरीचे प्रवेश ३० जून ते ७ जुलै २०२५ या काळात निश्चित करायचे होते. विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये ‘प्रोसीड फॉर ॲडमिशन’ हा पर्याय निवडणे, मूळ कागदपत्रे महाविद्यालयात दाखवणे आणि शुल्क भरणे असे टप्पे होते. केवळ बटण दाबल्याने प्रवेश पूर्ण होत नाही. महाविद्यालयाने तो निश्चित करावा लागतो. ६ जुलैला रविवार असून त्याच दिवशी आषाढी एकादशी होती. त्यामुळे सोमवार, ७ जुलैच्या शेवटच्या दिवसावर भरवसा ठेवण्यापेक्षा शनिवारपर्यंत काम उरकणे शहाणपणाचे होते.

पहिली पसंती मिळालेल्यांसमोर दोनच मार्ग होते : तिथे प्रवेश घेणे, किंवा नियमित फेऱ्या सोडून शेवटपर्यंत थांबणे. खर्चाची अडचण असेल तर नकार देण्याआधी महाविद्यालयाच्या कार्यालयात वसतिगृह, शुल्काचे हप्ते आणि शिष्यवृत्ती यांची चौकशी करून घ्यावी.

दुसरी ते दहावी पसंती मिळालेल्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अकरावीच्या प्रक्रियेत मिळालेली जागा धरून ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहण्याची सोय नाही. प्रवेश निश्चित केला की पुढच्या फेऱ्या संपल्या. सोडून दिला की ती जागा दुसऱ्याकडे गेली. निश्चित केलेला प्रवेश रद्द केल्यासही नियमित फेऱ्यांचे दार बंद होते. वरच्या पसंतीचा कट ऑफ आपल्या गुणांच्या अगदी जवळ असेल तरच थांबण्यात अर्थ आहे. अंतर मोठे असेल तर हातातली जागा घेणे बरे.

कुठेच नाव न लागलेल्यांनी दुसऱ्या फेरीपूर्वी पसंतीक्रम बदलावा. जुनीच यादी पुन्हा पाठवून वेगळा निकाल येण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. दहाही रकाने वापरावेत आणि त्यांपैकी निदान दोन-तीन ठिकाणचा पहिल्या फेरीचा कट ऑफ आपल्या गुणांपेक्षा खाली असावा.

ही पद्धत पुढेही भेटणार आहे का?

होय, आणि अधिक कडक स्वरूपात. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशात २०२५ मध्ये चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा पर्याय मिळाला, तर जागा आपोआप निश्चित होत होती आणि विद्यार्थी पुढील फेऱ्यांतून बाहेर पडत होता. तिथे निदान वरचा पर्याय मिळेपर्यंत जागा राखून ठेवण्याची सवलत आहे. अकरावीत तीही नाही. म्हणजे दहावी झालेल्या विद्यार्थ्यावर बारावी झालेल्यापेक्षा अधिक कठोर नियम लागू आहे. बंधनामागचे कारण समजण्यासारखे आहे. जागा अडवून ठेवल्या तर फेऱ्या संपतच नाहीत. पण ज्याच्यावर बंधन घातले त्याला निर्णयाआधी पुरेशी माहिती देणे ही बंधन घालणाऱ्याची जबाबदारी ठरते.

पुढच्या वर्षासाठी धडा काय?

यादी वेळेवर लागली असती तर प्रतीक्षा कमी झाली असती, हे खरे. पण तेवढ्याने धर्मापुरीच्या विद्यार्थ्याची अडचण सुटली नसती. त्याची प्रतीक्षा सुरू होण्याआधीच त्याने अंधारात दहा रकाने भरले होते. पहिला रकाना बंधनकारक आहे हे अर्जाच्या त्या पानावर ठळक मराठीत लिहिणे, शाळेतच दहावीच्या निकालाआधी पालकांसह एक बैठक घेणे, आणि तालुक्याच्या ठिकाणी विचारायला एक माणूस उपलब्ध असणे, या गोष्टींना संगणक प्रणाली लागत नाही.

एक गोष्ट मात्र २०२५ च्या गोंधळातून आपोआप हाती आली आहे. परळी, अंबाजोगाई आणि लातूरच्या महाविद्यालयांत कोणत्या प्रवर्गाला किती गुणांवर जागा मिळाली, हे पहिल्यांदाच एका ठिकाणी नोंदले गेले आहे. गावातील शाळांनी आपल्या भागातील महाविद्यालयांचे हे कट ऑफ चारही फेऱ्यांनंतर उतरवून फलकावर लावले, तर पुढच्या वर्षी दहावीत असलेल्या मुलांना अर्ज भरताना निदान अंदाजाला आधार मिळेल. २०२५ च्या तुकडीला तो मिळाला नाही. तिच्यासाठी ७ जुलै ही तारीख महत्त्वाची होती.